कानामागून आली आणि झोप उडवून गेली

वाचकाचं पत्र:

‘डॉक्टर, मी ३८ वर्षांची आहे. बारा दिवसांपूर्वी वेणी घालताना उजव्या कानामागे बोटाला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढी गाठ आहे. दाबली की दुखते आणि बोटाखाली सरकते. ताप नाही, कान दुखत नाही, ऐकू नीट येतं. आमच्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, पण गाठ आहे तिथेच आहे. जाऊबाई म्हणतात ही टीबीची गाठ, त्यांच्या ओळखीत कुणाला तरी अशीच झाली होती. नवरा म्हणतो, दुर्लक्ष कर. मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसते आणि काहीही वाचलं तरी शेवट कॅन्सरपाशीच होतो. माझी मुलगी लहान आहे. ही गाठ कशाने आली असेल? आणखी एक, याचा संबंध नसेल, पण पंधरा-वीस दिवसांपूर्वी केस रंगवल्यापासून डोक्याला खाज सुटली आहे आणि कानामागे थोडं ओलसर होतं.’

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी टाकलंत, तेही ‘संबंध नसेल’ असं म्हणून. दवाखान्यात रोज हेच बघतो. पेशंट दहा मिनिटं बोलतो, मी तपासतो, चिठ्ठी लिहून देतो, आणि बाहेर चपला घालता घालता तो पुन्हा आत डोकावतो, ‘डॉक्टर, एक सांगायचं राहिलंच.’ मग ती चिठ्ठी फाडून नवी लिहावी लागते.

केसांच्या रंगाकडे येतोच. त्याआधी एक सांगून टाकतो. गाठ हाताने चाचपल्याशिवाय कुणीही तिचं नाव सांगू नये, मीसुद्धा. पण वाटाण्याएवढी, दुखरी, सरकणारी आणि जेमतेम दोन आठवड्यांची गाठ, हे वर्णन वाचून माझी काही झोप उडाली नाही. तुमचीही उडू नये म्हणून जरा लांबण लावतोय.

पायाला काही लागून चिघळलं की जांघेत दुखरी गाठ येते. जुनी माणसं तिला अवधाण म्हणायची. अवधाण आलं म्हणून कुणी जांघेला औषध चोळत बसत नसे. घरातलं मोठं माणूस म्हणायचं, ‘पाय बघू.’ मग टाचेत नाहीतर बोटांच्या बेचक्यात जखम सापडायची. तुमच्या कानामागे आलंय ते बहुधा अवधाणाचंच भावंड. इथे पायाऐवजी डोकं बघायचं, एवढाच फरक.

आपल्या अंगात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक नळ्यांचं जाळं असतं. पेशींभोवती झिरपलेलं पाणी त्या नळ्यांमधून परत रक्तात जातं. त्या पाण्याला लसीका म्हणतात, आणि त्याच्या वाटेवर जागोजागी घेवड्याच्या दाण्यासारख्या लसीका ग्रंथी बसवलेल्या असतात. अंगभर मिळून त्या सहाशेच्या वर भरतात, आणि त्यांतल्या तीनशेच्या आसपास एकट्या डोक्या-मानेच्या वाट्याला आल्या आहेत. नाक, तोंड, डोळे, कान ही सगळी दारं तिथेच उघडी असतात, म्हणून पहाराही तिथेच जास्त. प्रत्येक ग्रंथीचा इलाखा ठरलेला असतो. त्या इलाख्यात जंतू शिरला, कातडी सोलवटली किंवा कशाची अॅलर्जी आली, की त्याची खबर लसीकेतून वाहत ग्रंथीपर्यंत पोचते. आतल्या पांढऱ्या पेशी भराभर वाढायला लागतात. ग्रंथी फुगते, तिचं वरचं आवरण ताणलं जातं आणि ती दुखते. म्हणून एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा: झटकन वाढून दुखणारी गाठ बहुतेक वेळा साधी निघते. आम्हाला जास्त विचार करायला लावते ती अजिबात न दुखता हळूहळू वाढणारी. लोक मात्र ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ म्हणून तीच अंगावर काढतात.

‘कानाजवळ गाठ’ असं सांगून भागत नाही, कारण त्यात निदान चार वेगळे पत्ते येतात. कानाच्या पुढे, कानशिलाच्या खाली जी ग्रंथी असते ती पापण्या, डोळ्याचा पांढरा भाग, कपाळाची बाजू आणि गाल यांचं पाणी गाळते. डोळे येण्याची साथ असली की ही ग्रंथी हमखास हाताला लागते. विषाणूमुळे डोळे आले असतील तर ती विशेष दिसते, आणि डोळ्यांचा डॉक्टर डोळ्यात बघता बघता कानापुढे बोट का लावतो त्याचं कारण हेच. डोळा लाल, त्याच बाजूला कानापुढे गाठ, आणि घरात मांजराचं पिल्लू असेल तर आम्ही आणखी एक प्रश्न विचारतो: ओरबाडलंय का? मांजराच्या नखांतून बार्टोनेला नावाचा जंतू अंगात शिरतो. ओरखडा भरून येतो, माणूस विसरूनही जातो, आणि एक ते तीन आठवड्यांनी त्या बाजूची ग्रंथी सुजते.

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यापाशी असते ती टॉन्सिलची आणि मागच्या दाढांची ग्रंथी. घसा धरला, अक्कलदाढेपाशी हिरडी सुजली, दाढेच्या मुळाशी पू झाला की ही फुगते. तशीही ही ग्रंथी इतरांपेक्षा थोराड असते. दीड सेंटिमीटरपर्यंत असली तरी तिला आम्ही फारसं मनावर घेत नाही. एरवी मानेतल्या ग्रंथीला एक सेंटिमीटरची मुभा असते. बारीक अंगाच्या माणसांच्या आणि लहान मुलांच्या मानेत अशा दोन-चार ग्रंथी कायमच हाताला लागतात, तो काही आजार नव्हे.

आणि तुमचा पत्ता, कानामागचा. तिथल्या ग्रंथीचा इलाखा म्हणजे डोक्याची बाजूची कातडी, कानाची मागची बाजू आणि कानाच्या नळीचा काही भाग. डोक्याच्या मागच्या भागासाठी मानेवर, केस संपतात तिथे आणखी एक जोडी असते. म्हणजे कानामागे गाठ आली की आधी कंगवा हातात घ्यायचा आणि केस बाजूला सारून बघायचं. एवढं सोपं आहे, आणि नेमकं हेच राहून जातं.

माझ्याकडूनही राहिलंय. एका सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याची आई घेऊन आली होती. दोन्ही कानांमागे गाठी, आणि आधी दोन वेळा अँटिबायोटिक झालेलं. मी घसा बघितला, कान बघितले, आणि लाज वाटते सांगायला, तिसरं अँटिबायोटिक लिहून दिलं. आमच्या सिस्टरने मुलाचं वजन करताना सहज त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, ‘सर, इथे केस तुटलेत.’ नखाएवढा चट्टा होता. त्यावर खपली, केस मुळापाशी मोडलेले, काळे ठिपके दिसत होते. डोक्यातला नायटा. त्याला नुसतं मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात बसलेली असते. काही आठवडे पोटात औषध घ्यावं लागतं. गाठी आपोआप विरल्या. तेव्हापासून कानामागच्या गाठीचा पेशंट आला की मी स्टेथोस्कोपला हात लावायच्या आधी त्याचे केस विंचरतो. पेशंट चमकून बघतात. बघू देत.

डोक्यात सापडणाऱ्या गोष्टी तशा ओळखीच्याच असतात. उवा आणि खाजवून झालेल्या जखमा, खपलीचा कोंडा, सोरायसिस, केसतूड, कंगव्याने निघालेली खपली. कानाच्या मागे चष्म्याची काडी घासून झालेली चीर, नवीन टोचलेलं आणि पिकलेलं कानाचं भोक, निकेलच्या कानातल्यांनी उठलेली खाज. कानात काडी किंवा पिन घालून केलेली कोरणी आणि त्यातून सुजलेली नळी. यांतलं काहीही ती वाटाण्याएवढी गाठ आणायला पुरेसं आहे.

आता तुमचा रंग. केस काळे करणाऱ्या बहुतेक पक्क्या रंगांमध्ये पॅराफिनिलीनडायअमाइन नावाचं रसायन असतं, थोडक्यात पीपीडी. ‘अमोनिया नाही’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त होतात, पण अमोनिया नसणं वेगळं आणि पीपीडी नसणं वेगळं. लावल्यावर लगेच काळी होणारी मेंदी मिळते, तिच्यातही पुष्कळदा हेच रसायन मिसळलेलं असतं. याची अॅलर्जी रंग लावल्या लावल्या दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उमटते. शिवाय डोक्याची कातडी जाड, त्यामुळे तिथे नुसती खाज येते आणि खरा तमाशा कडेला दिसतो: कानाच्या पाळ्या, कानामागची घडी, कपाळावरची केसांची रेघ, मान, कधी पापण्या सुजून डोळे बंद. घडीत ओलसर होणं, चिकट पाणी येणं, मग पिवळी खपली धरणं. तुम्ही लिहिलेलं ‘कानामागे थोडं ओलसर’ मला इथेच घेऊन आलं.

‘पण मी तर हाच रंग कितीतरी वर्षं वापरतेय’ हे वाक्य तुमच्या ओठावर आलं असेल. अॅलर्जी पहिल्याच वेळी येते असं नाही. कित्येक वर्षं काही होत नाही आणि एके दिवशी शरीर हिशोब मांडतं. एकदा मांडला की सहसा जन्मभराचा, आणि पुढच्या वेळची प्रतिक्रिया आधीपेक्षा जोरात असू शकते. तेव्हा ‘बघू या पुन्हा लावून’ हा प्रयोग करू नका. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतरही एकदा पाहतात, त्यातून नक्की कळतं.

अँटिबायोटिक का लागू पडलं नाही, हेही यात आलंच. अॅलर्जीवर त्याचा काही उपयोग नसतो, विषाणूवर नसतो, बुरशीवर तर नाहीच. गोळ्यांनी गाठ गेली नाही म्हणजे आत काहीतरी भयंकर आहे, असा अर्थ लावायचं कारण नाही. आणि मूळ कारण बरं झालं तरी ग्रंथी लगेच आवरतं घेत नाही. दोन ते सहा आठवडे सहज लागतात. कधी कधी हरभऱ्याच्या दाण्याएवढी एखादी टणक गाठ कायमचीच राहते, जुन्या लढाईची आठवण म्हणून.

संपूर्ण अंगाच्या आजारात कानामागच्या गाठी दोन्ही बाजूंना येतात. रुबेला त्यातला मुख्य. कानामागे आणि मानेवर दुखऱ्या गाठी आधी, आणि काही दिवसांनी बारीक पुरळ. मुलांमध्ये हा आजार इतका सौम्य असतो की कळतही नाही, पण गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय धोक्यात येतात. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने १९४१ साली मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांकडे चौकशी केली, तेव्हा हा धागा हाती लागला. घरात कुणी गरोदर असेल आणि अशा गाठींबरोबर ताप-पुरळ दिसलं, तर तिने त्या माणसापासून लांब राहावं आणि आपल्या डॉक्टरांना लगेच कळवावं. तरुण मुलांमध्ये एपस्टाइन-बार विषाणूचा ग्लँड्युलर फीवर असतो: घसा पांढरा, मानेच्या मागच्या बाजूला गाठींची रांग, आणि आठवडेच्या आठवडे थकवा. यात चुकून अॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं की अंगभर पुरळ उठू शकतं आणि सगळे औषधाला नावं ठेवतात. प्लीहा सुजलेली असू शकते म्हणून काही आठवडे धसमुसळे खेळ बंद.

हे झालं लसीका ग्रंथींचं. पण कानाजवळ फुगणारं सगळंच लसीका ग्रंथी नसतं. कानाच्या पुढे आणि पाळीखाली आपली मोठी लाळग्रंथी असते. गालगुंडात तीच सुजते. ती सूज पसरट असते, जबड्याचा कोपरा हाताला लागेनासा होतो आणि कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते. जेवायला बसलं की फुगते आणि तासाभरात उतरते, असं असेल तर लाळेच्या नळीत खडा अडकलाय का ते बघावं लागतं. पाळीखाली वर्षानुवर्षं हळू वाढणारी, न दुखणारी गोळी ही त्याच ग्रंथीतली गाठ असू शकते. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते, तरी ती तशीच ठेवून देण्यातली नाही. चेहरा हलवणारी नस नेमकी याच ग्रंथीतून जाते. म्हणून अशा गाठीबरोबर तोंड एका बाजूला वाकलं, एक डोळा नीट मिटेनासा झाला, तर थांबायचं नाही.

चरबीची गाठ मऊ लोण्यासारखी लागते. कातडीतल्या गाठीच्या मधोमध एक काळं तोंड दिसतं. ती पिळायचा मोह होतो. पिळलीत तर पिकेल.

आणि एक गंमत, जिच्यापायी माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी घाबरून येतं. कानामागच्या हाडाचं खालचं टोक आणि जबड्याचा कोपरा यांच्या मधल्या खळग्यात खोल दाबलं तर एक टणक, न हलणारा उंचवटा लागतो. दाबला की दुखतो. तो मानेच्या पहिल्या मणक्याचा बाजूचा काटा आहे. जन्मापासून तिथेच होता. दुसऱ्या बाजूलाही आहे, फक्त तिकडे कुणी दाबून बघितलेलं नसतं. एकदा भीती मनात बसली की बोटं सगळीकडे गाठी शोधत फिरतात, आणि शरीरात सापडण्यासारखं पुष्कळ असतं.

जाऊबाईंच्या टीबीबद्दल. त्यांचा रोख अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. फुप्फुसाबाहेर टीबीची जी आवडती ठिकाणं आहेत, त्यांत मानेतल्या ग्रंथी अगदी वरच्या क्रमांकावर येतात. गंडमाळ हा आपल्याकडचा जुना शब्द त्याचाच. पण त्या गाठी आठवडे-महिने घेऊन, बहुधा न दुखता वाढतात. दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून त्यांचा घोस होतो, मग त्या मऊ पडतात, वरची कातडी जांभळट होते आणि कधी फुटून वाहायला लागतात. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, घटलेली भूक. बहुतेकदा त्या मानेच्या बाजूला असतात, एकट्या कानामागे क्वचित. आणि समजा निघालीच, तरी सुईने घेतलेल्या नमुन्यावर जनुकीय तपासणी करून निदान होतं, औषध साधारण सहा महिने नेमाने घेतलं की आजार जातो, आणि फक्त गाठीतला टीबी खोकल्यातून दुसऱ्याला होत नाही. उपचार चालू असताना गाठ मध्येच थोडी मोठी होऊ शकते. तेव्हा घाबरून औषध सोडणारे लोक मी पाहिलेत. तसं कुणी करू नये.

आणि कॅन्सर. मन चिंती ते वैरी न चिंती, त्यातून रात्रीचे दोन वाजलेले आणि हातात मोबाइल! स्पष्टच लिहितो, म्हणजे अर्धवट वाचलेलं डोक्यात घोळत राहणार नाही. ग्रंथीत कॅन्सर दोन वाटांनी येतो. एक म्हणजे ग्रंथीचाच, लिम्फोमा. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरांनी १८३२ साली ज्याचं वर्णन केलं तो त्यातलाच एक प्रकार. गाठी रबरासारख्या लागतात, दुखत नाहीत, वाढत राहतात. सोबत विनाकारण ताप, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा घटणं यांपैकी काही असू शकतं. दुसरी वाट म्हणजे इलाख्यातल्या दुसऱ्या कॅन्सरची: तोंड, घसा, लाळग्रंथी, कानाची किंवा डोक्याची कातडी. ती गाठ दगडासारखी कडक आणि खालच्या भागाला चिकटलेली असते. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत न दुखणारी गाठ आली तर मी दोन आठवड्यांच्या वर थांबत नाही, त्याला तोंड मोठं उघडायला सांगतो आणि पुढच्या तपासण्या मागवतो. तुमची गाठ सरकते, दुखते, लहान आहे आणि तिच्या इलाख्यात एक उघड कारण समोर दिसतंय. या वर्णनात मला कॅन्सरची खूण दिसत नाही.

काही गोष्टींत मात्र वाट बघणं नाही. कान वाहतोय किंवा ठणकतोय, ताप आहे, कानामागचं हाडच लाल, गरम, सुजलेलं आहे आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसतोय, तर ही गाठ नव्हे. कानाचा जंतुसंसर्ग मागच्या हाडात उतरलाय. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. कानात किंवा कानाभोवती पाणीदार फोड, भयंकर आग आणि त्या बाजूचं तोंड वाकडं, ही कानातली नागीण. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर उपयोग जास्त. लहान मुलाला पाच दिवस ताप उतरत नाही, डोळे लाल, ओठ लालभडक फुटलेले, मानेत गाठ: हा कावासाकी आजार असू शकतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या दुखावतात, म्हणून बालरोगतज्ज्ञाला लगेच दाखवायचं. आणि गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वरच्या खळग्यात आलेली गाठ कधीच साधी धरायची नाही. डाव्या बाजूला असेल तर कधी कधी तिचं मूळ पोटात सापडतं.

तपासण्या कोणत्या, हे गाठीवर ठरतं. तुमच्यासारख्या गाठीला पहिल्याच दिवशी बहुधा काहीच लागत नाही. गाठ रेंगाळली तर रक्ताची साधी तपासणी, छातीचा एक्स-रे आणि मानेची सोनोग्राफी. सोनोग्राफीत चांगली ग्रंथी लांबट दिसते आणि तिच्या मधोमध पांढरी पट्टी असते. ती गोल गरगरीत झाली, पट्टी पुसली गेली, तर सुई घालून पेशी काढतात. सुई घातली की गाठ बिघडते, आजार पसरतो, असं लोक सांगतात. त्यांचं ऐकू नका. लिम्फोमाची शंका असेल तर मात्र सुईने भागत नाही. पेशी एकमेकींशी कशा मांडल्यात ते बघायला अख्खी ग्रंथी काढून तपासावी लागते. एक सावधगिरी तुम्हीच बाळगा: निदान व्हायच्या आधी, गाठ बसावी म्हणून कुणी पोटात घ्यायला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर ‘कशासाठी?’ असं विचारा. त्यांनी लिम्फोमाची गाठही तात्पुरती विरघळते, सगळे खूश होतात आणि खरं निदान महिनोनमहिने लांबतं. डोक्याच्या खाजेसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी लावायला दिलेलं स्टेरॉइडचं लोशन ही वेगळी गोष्ट, ते सांगितलं तसं लावा.

आता तुमचं काम. ‘दुर्लक्ष कर’ म्हणणाऱ्या नवऱ्यालाच कामाला लावा. खिडकीपाशी उजेडात बसा, त्यांच्या हातात कंगवा द्या आणि उजव्या बाजूचे केस बोट-बोट फटीने बाजूला करून बघायला सांगा. पुरळ, खपली, ओल, फोड, काहीही दिसलं तर मोबाइलवर फोटो काढायला सांगा. त्या मोबाइलचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. मुलीचं डोकंही बघून घ्या, तिथे उवा असतील तर तुमच्या डोक्यातही असू शकतात. दोन-तीन दिवसांत त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि जाताना रंगाचं खोकं सोबत न्या. त्यावर घटक बारीक अक्षरांत छापलेले असतात, डॉक्टर ते शोधतील. तोवर डोकं सौम्य शॅम्पूने धुवा, खाजवू नका, ओल्या घडीवर तेल चोपडू नका. ठणका असेल तर पॅरासिटामॉल चालेल. अँटिबायोटिक उरलं असेल तर ते संपवायचं की नाही हे ज्यांनी दिलं त्यांना फोन करून विचारा. दुसरं मात्र स्वतःहून सुरू करू नका.

गाठीसाठी चार आठवडे द्या. त्या आत ती वाढायला लागली, दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, कडक झाली, आणखी गाठी आल्या, ताप किंवा रात्रीचा घाम सुरू झाला, तर आधी दाखवा. यांतलं काही नसेल आणि चार आठवड्यांनंतरही ती तेवढीच असेल, तरीही एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून या.

आणि तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मला खात्री आहे, दिवसातून वीस वेळा तुमचं बोट त्या गाठीवर जातंय. दाबून, चिमटीत धरून, सरकवून बघताय. ग्रंथीला एवढं छळलं की ती त्या छळानेच सुजलेली राहते, आणि मग ती कमी का होत नाही म्हणून आपण आणखी दाबतो. रविवारी सकाळी एकदा, पट्टी लावून मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. सोमवार ते शनिवार हात कानामागे जाऊ द्या तो फक्त वेणी घालण्यापुरता.